फुलपाखरांची जात कशी ओळखावी?

तंजावरच्या राजवाड्याचे आवार म्हटले की सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील ताडपत्रे आणि मोडी कागदांची दप्तरे यांचीच आठवण प्रथम होते. परंतु त्या परिसरातील झुडपांवर बागडणारी काळी फुलपाखरेही जिज्ञासूने थांबून पाहण्याजोगी आहेत. त्यांतील एकाच्या मागच्या पंखांवर फिकट पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. दुसऱ्याच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग व कडेला लाल ठिपके असतात. तिसऱ्याच्या पुढच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असून मागचे पंख लाल ठिपक्यांनी भरलेले असतात. या तीन निरनिराळ्या जाती आहेत, असे कोणीही सहज म्हणेल. अठराव्या शतकातील मोठमोठे पंडितही असेच म्हणाले आणि फसले.

फुलपाखरे व पतंग यांचा मिळून खवलेपंखी कीटकांचा एक गण होतो. फुलपाखरू हातात धरले असता बोटांना जी रंगीत भुकटी लागते, ती म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले होत. घराच्या छपरावर कौले बसवावीत तसे ते एकावर एक बसलेले असतात. या गणातील दीड लाखाहून अधिक जातींचे आजवर वर्णन झाले असून त्यांपैकी फुलपाखरे अठरा-एकोणीस हजारच आहेत. उरलेले सारे पतंग. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ मध्ये सर्व फुलपाखरांना ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घातले आणि त्यांतील कित्येकांना ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे दिली. दोन पांढरे पट्टे व लाल ठिपके असलेल्या फुलपाखराला हेक्टर हे नाव मिळाले. पांढऱ्या ठिपक्यांच्या फुलपाखराला त्याने पॅमॉन, तर पांढऱ्या डागाच्या फुलपाखराला पॉलिटीस म्हटले. हे दोघे हेक्टरचे भाऊ. ही नावे देताना आपण एकाच जातीच्या नराला व मादीला दोन नावे देत आहोत, याची त्याला कल्पना नव्हती.

या शास्त्राचा तंजावरशी संबंध आला तो किनाऱ्यावरील तरंगंबाडीमुळे. रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तेथे ठाणे घालू दिले होते. लिनीअसचा शिष्य कोनिग हा १७६८ मध्ये त्या ठाण्यात वैद्य म्हणून आला. त्याने जमविलेल्या कीटकांपैकी अनेकांचे वर्णन फाब्रिसिअस या लिनीअसच्याच दुसऱ्या शिष्याने प्रसिद्ध केले. पुढे जॉन या मिशनऱ्याने तेथूनच शिंपले, कीटक व साप युरोपात पाठविले. आपल्याकडील मांडुळाच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आजही आहे. तंजावरच्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात असलेले दुसरे सरफोजीराजे यांचे शिक्षणच मुळी मिशनरी श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली झाले होते. त्यांनी निसर्गशास्त्रावरील ग्रंथ जमविले व आपल्या चित्रकारांकडून प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांची चित्रे काढवून घेतली.

फाब्रिसिअसने १७७५ मध्ये हेक्टरच्या एका भाऊबंदाला नाव दिले ते मात्र वीराचे नव्हे, तर त्याची अळी ज्या वनस्पतीवर जगते त्या ॲरिस्टोलोकियाचे. याच वंशातील एका वनस्पतीला मराठीत किडामार म्हणतात. तमिळमधील तिच्या नावाचा अर्थ ‘शेळी जिला तोंड लावीत नाही ती’ असा होतो. शेळी टाळते, माणूस किडे मारण्यास वापरतो, आणि ही अळी मात्र तीच पाने खाऊन वाढते! पानांतील विषारी द्रव्ये तिच्या अंगात साठतात व पुढे फुलपाखरातही उतरतात. असे फुलपाखरू एकदा चाखलेला पक्षी त्या लाल ठिपक्यांच्या वाटेला सहसा पुन्हा जात नाही.

पॉलिटीसची अळी वाढते ती कढीलिंबावर किंवा लिंबाच्या झाडावर, आणि त्या पानांत असले विष नाही. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या अशा अळ्या पाळल्या असता कोषांतून सर्व नर पांढऱ्या ठिपक्यांचे निघतात. माद्या मात्र तीन प्रकारच्या असू शकतात: काही नरासारख्या, काही फाब्रिसिअसच्या फुलपाखरासारख्या, तर काही थेट हेक्टरसारख्या. या तिसऱ्या प्रकारच्या मादीला क्रामर नावाच्या शास्त्रज्ञाने रोम्युलस ही वेगळी जात मानले होते. वॉलेस याने १८६५ मध्ये ही सारी एकाच जातीची रूपे असल्याचे दाखविले. विषारी फुलपाखराचा वेष घेतल्याने बिनविषारी मादी पक्ष्यांच्या तावडीतून वाचते. पंखांवरून जाती ठरविणाऱ्याची अशी दुहेरी फसगत होते; सख्ख्या भावंडांना तो परके समजतो आणि परक्यांना भावंडे. बागेत हा वेष ओळखण्याची खूण सोपी आहे. हेक्टरचे अंग लाल असते. त्याची नक्कल करणाऱ्या मादीचे अंग काळे असते.

फुलपाखरू व पतंग यांतील भेदही असाच सावधपणे घेतला पाहिजे. फुलपाखराच्या शृंगिकांच्या टोकाला गाठ असते, ते बहुधा दिवसा उडते व बसताना पंख पाठीवर मिटते. पतंग बहुधा रात्री हिंडतो, पंख पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो आणि त्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या अथवा पिसासारख्या असतात. पण भर उन्हात उडणारे रंगीबेरंगी पतंगही पुष्कळ आहेत. जनुकांच्या अभ्यासावरून आता असे दिसते, की सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी पतंगांच्याच वंशवृक्षाला फुटलेली एक फांदी म्हणजे फुलपाखरे. पतंग हा फुलपाखरांना समांतर असा वेगळा गट नव्हे. तो त्यांचा पूर्वजांचा वाडा आहे.

मादीच्या वेषांतराचे कोडे मात्र दीर्घकाळ राहिले. पंखांचा आकार, पट्टे, लाल ठिपके हे सारे एकदम कसे बदलते? कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले, की त्याचे नियंत्रण ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाकडे आहे. कीटकात नर-मादीची लक्षणे ठरविणारे हे जनुक येथे मादीचा वेषही ठरविते. नराच्या अंगीही ते असते आणि त्याच्याकडून ते मुलींकडे जाते. त्याच्या स्वतःच्या पंखांवर मात्र ते काहीच उमटवीत नाही.