सभाधीटपणा आणि शेजारचें मंडळ

घरच्या पाटावर बसून साऱ्या देशाच्या कारभाराची चिरफाड करणारा गृहस्थ कळंब्याच्या ग्रामसभेंत उभा राहिला कीं त्याच्या तोंडाला कोरड पडते. शिकल्यासवरल्या सुनांची तर गोष्टच निराळी. वडीलमाणसांसमोर बोलूं नये ही शिस्त त्यांच्या अंगीं इतकी मुरते कीं, नोकरीच्या मुलाखतींतहि ती पाठ सोडीत नाहीं.

व्याख्यानें ऐकण्याची आवड आपणांस कमी नाहीं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चें. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्या न्यायमूर्ति रानड्यांचें बालपण आपल्या कोल्हापुरांतच गेलें. परंतु कांठावरून पाहून पोहतां येत नाहीं, हें तलावाशेजारीं राहणाऱ्या कळंबेकरांस आम्हीं काय सांगावें! श्रोते पुष्कळ घडले; वक्ते घडण्यास निराळी सोय हवी.

तशी सोय राल्फ स्मेडले यांनीं १९२४ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील सांता आना येथें केली. त्यांच्या ‘टोस्टमास्टर्स’ मंडळाच्या शाखा आज आपल्या देशांतहि आहेत. नांवास बिचकूं नये. पद्धत साधी आहे. एक सभासद पांच ते सात मिनिटें तयारीचें भाषण करतो. दुसरा घड्याळ धरून बसतो व वेळ संपत येतांच खूण करतो. तिसरा वक्त्याचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे कीं’ मोजतो. चौथा उठून परीक्षण करतो. काय साधलें व काय सुधारावें, तें दोन-तीन मिनिटांत सांगतो. शिवाय आयत्या वेळीं दिलेल्या विषयावर मिनिट-दोन मिनिटें बोलावयाचें असतें तें वेगळेंच.

खरें मर्म आहे तें परीक्षणांत. घरची मंडळी कौतुक तरी करतात, नाहींतर थट्टा तरी. दोहोंनींहि बोलणारा सुधारत नाहीं. मंडळांत मात्र आज चुका मोजणारा पुढच्या खेपेस स्वतःच उभा असतो, म्हणून तो जीभ आवरून बोलतो.

शहरास लागून वाढलेल्या कळंब्यांत असें मंडळ काढण्यास दहा-बारा माणसें, एक खोली आणि पंधरवड्याची ठरलेली संध्याकाळ पुरे. भाषा मराठीच असावी. इंग्रजीची हौस मागाहून. कायद्याप्रमाणें ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरावी लागते, तेव्हां नळाच्या पाण्यावर दोन मिनिटें नेटकें बोलण्याची संधि लांब नाहीं. आमची आग्रहाची सूचना एकच: पहिले कांहीं महिने सासू आणि सून यांनीं एकमेकींच्या भाषणाचें परीक्षण करूं नये.