एका डॉलरचे पेटंट

विद्यापीठातील संशोधन कारखान्यापर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. ‘ज्ञान विकायचे नसते,’ असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला सुनावले, तेव्हा मी त्यांना टोरांटोची हकिगत सांगितली. १९२३ साली बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला तेथील विद्यापीठाच्या हवाली केले; कोणाची मक्तेदारी होऊ नये, औषधाची शुद्धता राहावी, एवढ्यासाठीच. त्यांना ते पटले. परंतु पाण्यातील फ्लोराइड काढण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध तोवर छापून झाला होता. छापले की नावीन्य सहसा संपते, असा आपला कायदा. आता ती पद्धत कोणीही फुकट उचलावी. उचलीत मात्र कोणीच नाही. उद्या शेजारी नक्कल करणार हे ठाऊक असताना, गावच्या टाकीवर ती चालवून पाहण्यासाठी कोणता कारखानदार पैसा घालील? गेल्याच महिन्यात मी दोघांना विचारून पाहिले.