स्पार्क प्लग घरी बदलता येतो का? येतो, पण आधी इंजिन थंड होऊ द्या

दहिवलीहून नेरळला जाऊन माथेरानच्या घाटाला लागलात. गाडी धक्के खातेय, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय. पेट्रोल गाडीत हे बहुधा मिसफायरचं लक्षण. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेल्या प्लगची फट रुंदावलेली असते, म्हणून तो तिथेच हात टेकतो. लुकलुकणारा दिवा अंगावर काढू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग प्लगपेक्षा कितीतरी महाग असतो.

साधा निकेल प्लग साधारण 30-40 हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा 1 लाखाच्या आसपास. सीएनजीवर आयुष्य कमी होतं. नेमका आकडा आणि प्लगचा नंबर गाडीच्या पुस्तिकेत असतो. तोच नंबर घ्या, तोही खात्रीच्या दुकानातून. नकली प्लग सर्रास मिळतात. (डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो.)

आता मुख्य धोका. हल्लीच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला किंवा नवा तिरका बसवला, तर हेडमधले आटे जातात आणि दोन-तीनशे रुपयांचं काम हजारोंत जातं. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी हात घाला.

अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. क्लिप सोडवा, बोल्ट काढा, कॉइल हळूच वर ओढा. प्लग काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, सायकलचा पंपही चालेल. एका वेळी एकच प्लग बदला.

नवा प्लग पान्याने सुरू करू नका. लांब सॉकेटमध्ये धरून बोटांनीच फिरवा. अडला तर जोर न लावता मागे घ्या. बोटांनी पूर्ण बसल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा पाळा. इरिडियमच्या टोकाची फट ठोकून जुळवू नका.

जुना प्लग फेकण्याआधी पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. तेलकट काळा असेल, किंवा खड्ड्यातच ऑइल साचलं असेल, तर नव्या प्लगने भागणार नाही, मेकॅनिककडे जा.