रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

निवासी शाळांच्या कार्यालयांत पूर्वी जाडजूड नोंदवह्या असत. आता पुष्कळ ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती ठेवली जाते. पडद्यावरील फॉर्ममध्ये शुल्क आणि शिष्यवृत्ती भरली की ‘बाकी’चा रकाना आपोआप आकडा दाखवतो. कधी मात्र तेथे चुकीची खूण उमटते, तर कधी रकाना कोराच राहतो.

‘#नेम?’ अशी खूण दिसली, तर सूत्रातील एखादे नाव प्रणालीला सापडलेले नाही असे समजावे. नावातील एका अक्षराची चूक किंवा आरंभीचे बरोबरचे चिन्ह विसरणे एवढेही त्यास पुरेसे होते. हिशेबाच्या रकान्याला सूत्रातल्याच एखाद्या रकान्याचे नाव दिले असेल, तर तो स्वतःचाच आधार शोधू लागतो आणि हिशेब अडतो. अशा वेळी नाव बदलावे.

कोऱ्या रकान्याचे कारण अधिक सूक्ष्म आहे. ज्या हिशेबात एक जागा रिकामी, त्याचे उत्तरही रिकामेच. समजा, तीन विद्यार्थ्यांचे शुल्क प्रत्येकी 3000 रुपये आहे. दोघांना अनुक्रमे 1000 व 2000 रुपये शिष्यवृत्ती मिळाली. तिसऱ्याची नोंदच नाही. बेरजेचे फलन रिकाम्या जागा वगळते, म्हणून एकूण बाकी 3000 दिसते. कोणतीही खूण उमटत नाही. तिसरा विद्यार्थी मात्र हिशेबातून निसटलेला असतो.

‘एनझेड’ हे फलन रिकाम्या जागी शून्य धरते आणि बेरीज 6000 होते. पण तोही निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पालक दूर असल्याने मुलाची कागदपत्रे उशिरा येऊ शकतात. त्याची शिष्यवृत्ती शून्य नसते, केवळ नोंदवायची राहिलेली असते. शून्य धरल्यास त्याच्या माथी पूर्ण शुल्क बसते.

म्हणून आधी रिकाम्या नोंदींची यादी काढावी, प्रत्येकीची चौकशी करावी आणि शिष्यवृत्ती खरोखर नाकारली गेली असेल तेथेच शून्य लिहावे. दुःखाचे निवारण करायचे तर प्रथम त्याचे कारण जाणावे, ही तथागतांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिशेबाच्या दप्तरातही तिचाच आधार घ्यावा. कारण त्या कोऱ्या जागेमागे आपलेच एक लेकरू उभे असते.