थंड गाडीचा गिअर

हिवाळा आला की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. साधारण २४ अंशांखाली हे तेल गोठू लागतं. मग बाटली उलटी केली तरी थेंब बाहेर येत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल असं गोठत नाही, पण थंडीत तेही दाट होतं, आणि आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे. कविता करणाऱ्या माणसानं गिअरबॉक्सवर बोलावं याचं काही जणांना नवल वाटेल. कारण घरातलंच आहे, ते पुढे येईल.

आमचं सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावरून येणारा गारठा हाडात शिरतो. शेजारच्या परभणीत तर काही वर्षी पारा पाच अंशांखाली उतरलेला आहे. अशा पहाटे, रात्रभर उघड्यावर उभी असलेली ऑटोमॅटिक गाडी सुरू करून दांडा ‘डी’वर आणला, की क्षणभर काहीच होत नाही. मग धक्का बसतो आणि गाडी निघते. पहिल्याचा दुसरा गिअर लवकर पडत नाही, इंजिन नुसतं ओरडत राहतं. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर सगळं सुरळीत.

हाताच्या गिअरच्या गाडीत इंजिनाची ताकद क्लचच्या तबकडीमार्फत पुढे जाते. ऑटोमॅटिकच्या रूढ प्रकारात ते काम तेलाकडे असतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातलं की झाला टॉर्क कन्व्हर्टर. गिअर बदलण्याचं कामही तेलच करतं. पंप त्याला दाब देतो, ते बारीक वाटांमधून आणि व्हॉल्व्हमधून जाऊन आतल्या क्लचच्या चकत्या दाबून धरतं. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे. कालव्याला पाणी सुटलं तरी चारीच्या टोकाच्या शेताला ते पोचायला वेळ लागतो. पाण्याऐवजी काकवी सोडली तर किती लागेल?

हे काकवीचं उदाहरण फार ताणलेलं नाही. गिअरबॉक्सचं तेल १०० अंशांवर जेवढं दाट असतं, त्याच्या चार-पाच पट ते ४० अंशांवर असतं आणि १० अंशांवर पंधरा-वीस पट होतं. शिवाय रबराची सील गारठ्यानं कडक होतात. काही गाड्यांत कन्व्हर्टरमधलं तेल रात्रीतून थोडं खाली उतरतं, ते आधी भरावं लागतं.

काही दिरंगाई मात्र मुद्दाम केलेली असते. तेल थंड आहे हे गाडीच्या संगणकाला कळतं. इंजिन आणि धूर स्वच्छ करणारं यंत्र लवकर तापावं म्हणून तो वरचा गिअर उशिरा टाकतो. तेव्हा पहिली काही मिनिटं इंजिनाचा आवाज चढा राहिला, तर तो बिघाड नव्हे.

पण म्हणून सगळं थंडीवर ढकलून मोकळं होता येत नाही. असा गिअरबॉक्स पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत, ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या मॉडेलमध्ये. आणि तिथली थंडी आपल्याला सोसवणारही नाही. म्हणून अशी तेलं उणे ४० अंशांवर किती दाट होतात, याचीही चाचणी घेतली जाते. त्यांच्यासाठी आपले आठ-दहा अंश म्हणजे काहीच नाही. आपल्या थंडीत गाडी चार-पाच सेकंद अडत असेल, तर तेल जुनं झालंय, कमी झालंय किंवा सील थकलीत, असा संशय घ्यायला हवा.

आता घरातली गोष्ट. माझ्या भाच्याचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. क्लच दाबणं त्याला जमत नाही, म्हणून त्यानं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. लोकांना ती चैन वाटली. त्याच्यासाठी ती पायच होती. थंडीत ती अडू लागली. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, गिअरबॉक्स गेला, पूर्ण उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून भाचा गाडी विकायला निघाला. मी विचारलं, ‘‘गरम झाल्यावर अडते का?’’ म्हणाला, ‘‘नाही मामू, औंढ्याच्या पुढे गेलं की लोण्यासारखी चालते.’’ मग दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. तेल काळपट झालेलं, पातळीही उतरलेली. थंड करणाऱ्या नळीच्या जोडातून झिरपत होतं. जोड बदलला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल भरलं, आणि ते दोनदा बदललं, कारण एका वेळी जुनं सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. आता जानेवारीत एखादा सेकंद लागतो. तेवढा चालायचाच.

गाडी तापल्यावरही गिअर निसटत असेल, इंजिन पळतं पण गाडी हलत नाही असं होत असेल, तेलाला जळका वास येत असेल, तर मात्र थांबू नये. तो खर्च टाळला तर वाढतो.

आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर स्वस्त ऑटोमॅटिक आली, तिचा प्रकार वेगळा. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. गिअर बदलताना बसणारा हलका हिसका हा तिचा स्वभावच आहे, त्याचा दोष थंडीला देऊ नये.

पहाटे निघताना गाडी दहा मिनिटं उभ्यानं तापवायची गरज नाही. गिअरबॉक्सचं तेल उभ्यानं फार तापत नाही, ते चालण्यानं तापतं. अर्धा-एक मिनिट थांबा, ‘डी’ टाका, गिअर पडल्याचं जाणवू द्या, मगच हलक्या पायानं निघा. न्यूट्रलमध्ये इंजिन खेचून एकदम ‘डी’ टाकणं म्हणजे आतल्या चकत्यांवर घाव घालणं.

आणि मिस्त्रीकडे जाताना एक लक्षात ठेवा. तुम्ही वीस किलोमीटर चालवत गाडी नेता, तोवर ती तापलेली असते आणि तक्रार पळालेली असते. तो बिचारा म्हणतो, काहीच झालेलं नाही. भाच्यानं संध्याकाळीच गाडी त्याच्या दारात उभी केली, किल्ली दिली आणि तो एसटीनं घरी आला. सकाळी मिस्त्रीनं स्वतःच ती सुरू करून पाहिली.