विश्लेषण : एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स, हार्डडिस्कची वाटणी करताना नेमके काय चुकते?

वाळवा तालुक्यातील आष्टा उसाच्या पट्ट्यात येते, पण येथे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणी थोरल्या भावाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो. त्यात तिचा प्रोजेक्ट असतो, घरातल्या लग्नाचे फोटो असतात आणि वडिलांच्या पीककर्जाचे स्कॅन केलेले कागदही असतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे बरेच जुने लॅपटॉप बाहेर राहिले. त्यावर विंडोजशेजारी मोफत लिनक्स बसवणे हा चांगला मार्ग आहे. मात्र घाईत केलेल्या एका क्लिकने सगळे फोटो जाऊ शकतात.

पार्टिशन म्हणजे काय?

भावकीत शेत वाटले तरी जमीन तीच राहते; बांध पडतो आणि सातबारा वेगळा होतो. हार्डडिस्कचेही तसेच आहे. कोणता भाग कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत असे चारच मुख्य भाग पडतात, नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर १२८ पर्यंत. हा तक्ता पुसला गेला, तर डेटा जागेवर असूनही तो कुणाचा हे संगणकाला कळत नाही. अशा वेळी त्या डिस्कवर पुढे काहीही न लिहिता जाणकाराकडे नेल्यास डेटा परत मिळण्याची आशा असते.

आधी काय करावे?

सर्वात आधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवता नुसते चालवूनही पाहता येते. वाय-फाय, आवाज, टचपॅड नीट चालतात का, हे तिथेच कळते.

नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच वहीत लिहून ठेवावी. कंट्रोल पॅनेलमधील ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून त्याच भागात लिहिताना फाइल बिघडू शकतात.

सी ड्राइव्ह लहान करण्याचे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करणे बरे. ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडून आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो. ५० जीबीसाठी ५१,२००. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, पण तेवढ्यात पुढे कोंडी होते. १०० जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज २० जीबीच सोडते, असेही घडते. मधेच बसलेल्या काही सिस्टीम फाइल हलत नाहीत, हे त्याचे कारण. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर हे काम वीज जाण्याच्या वेळी करू नये. मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ ठेवावी. तिला ड्राइव्हचे नाव देत बसू नये.

घोटाळा कुठे होतो?

इन्स्टॉलरच्या एका पडद्यावर. तिथे ‘विंडोजशेजारी बसवा’ आणि ‘डिस्क पुसून बसवा’ असे दोन पर्याय शेजारी असतात. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करायची सवय इथे महागात पडते. शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नसेल, तर तिथेच थांबून बाहेर पडावे. साधारण १०० एमबीचा ‘ईएफआय’ भाग दिसतो तो फॉरमॅट करू नये. विंडोज सुरू होण्याची वाट त्यातूनच जाते.

पुढे लिनक्स नको झाले म्हणून त्याचा भाग थेट डिलीट करणारेही अडकतात. जुन्या संगणकावर मग ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे दिसतात. आधी विंडोजचे बूट दुरुस्त करून मग तो भाग काढावा.

एक गोष्ट मात्र उगाच घाबरवते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर सकाळच्या दहाला घड्याळ साडेचार दाखवते. लिनक्स मदरबोर्डवरचे घड्याळ जागतिक वेळेनुसार ठेवते, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते. फरक साडेपाच तासांचा. लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा देऊन हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येते.