परसातलं झाड आणि सातबारा

बैठकीत एकीनं विचारलं, "भांग चालते, मग परसात गांजाचं एक झाड असलं तर काय बिघडलं?" आम्हालाही लगेच उत्तर देता आलं नाही, म्हणून कायदा बघितला.

घोळ असा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याशिवाय नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती सुटते; पण आपल्याकडे दारूबंदी कायद्यानं तिलाही परवाना लागतो. झाड मात्र एकच! आणि परवान्याशिवाय ते लावणं हाच गुन्हा. एक असो की शंभर, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुरांच्या औषधाला लावलं म्हणून सुटका नाही.

खरी भीती वेगळीच. शेत वाट्यानं दिलेलं, तुरीत मधेच कुणी झाडं लावतो आणि सातबारा बाईच्या नावावर. कलम ४६ म्हणतं, आपल्या जमिनीतलं असं पीक मालकानं लगेच कळवायचं; माहीत असून गप्प राहिलं तर शिक्षा. म्हणून पंधरवड्यातून एकदा तासातासातून फिरून या. दिसलं तर गुपचूप उपटू नका. पोलीस पाटलांना सोबत घेऊन ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.